बाभूळवाडीचा नळ

नाशिक, ६ मार्च १९७७

प्रिय कौसा,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. माझ्या हाती ते सगळ्यात शेवटी आलं. आधी तुझ्या दादानं वाचलं, मग आईंनी त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, मग शेजारच्या नवसाबाईंना बोलावून पुन्हा एकदा. "माझी कौसा पीएच.डी. करती, लय मोठं असतं ते," असं आई सांगत होत्या आणि मी तव्यावर भाकरी टाकत होते. नवसाबाई म्हणाल्या, "आणि सून काय करती?" आई म्हणाल्या, "ती हाय की नोकरीला." झालं माझं वर्णन.

सरळच सांगते, मी जळते. बी.ए.ला समाजशास्त्रात कॉलेजात पहिली कोण आली होती? मी. दुसरी तू, आणि तीही माझ्या नोट्सवर. मग मी तुझ्या भावाशी लग्न केलं, तू पुण्याला गेलीस. कुणी कुणाला ढकललं नाही हे मलाही कळतं. पण कळून काय उपयोग, पोटात दुखायचं ते दुखतंच.

आणि विषय कोणता घेतलास, तर बाभूळवाडी! अगं, पुण्यातल्या वस्त्या काय संपल्या? सातपूरच्या कारखान्यांमागची ती वस्ती माझी आहे. समाजकल्याण खात्याची निरीक्षक म्हणून चार वर्षं मी तिथं चपला झिजवतेय. एवढी घरं आणि पाण्याला एक नळकोंडाळं. पहाटे बाया हंडे घेऊन एकमेकींच्या झिंज्या उपटतात. आता सरकार तिथं पक्की घरं बांधणार आणि घराघरात नळ देणार, असा प्रस्ताव मी वर पाठवलाय. त्या प्रस्तावाला तुझ्या अभ्यासाचं बळ मिळालं तर मिळो, म्हणून ये म्हणते. नाहीतर म्हटलं नसतं.

मे महिन्यात ये. आंबे असतील.

तुझी वहिनी (आणि बी.ए.ला पहिली),
सुगंधा


पुणे, १५ मार्च १९७७

प्रिय सुगंधा,
जयभीम.

वहिनी म्हणून सही करतेस आणि भांडतेस मैत्रिणीसारखी. एक काय ते ठरव.

नोट्स तुझ्या होत्या, कबूल. पण जळायची मक्तेदारी तुझी एकटीची आहे असं समजू नकोस. मागच्या दिवाळीला मी वस्तीत तुझ्याबरोबर आले होते. फुलाबाईनं तुझा हात धरून तुला ओट्यावर बसवलं, सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं आणि मला म्हणाली, "मॅडम, तुमी खुर्चीवर बसा." खुर्ची शेजारच्या घरून मागून आणली होती. त्या खुर्चीवर बसून मला काय वाटलं ते तुला कळायचं नाही.

आठवतं, वर्गात आपण काय म्हणायचो? शास्त्रानं सांगायचं आणि सरकारनं ऐकायचं. आता सरकार तुझ्याकडे आहे, शास्त्र माझ्याकडे. दोघी मिळून बाभूळवाडीला नळ देऊ.

मेच्या पहिल्या आठवड्यात येते. आईला सांग, माझ्यासाठी वेगळं काही करू नको.

तुझी,
कौसा


पुणे, २० ऑगस्ट १९७७

प्रिय सुगंधा,
जयभीम.

परत येऊन दोन महिने झाले, पत्राला उशीर झाला. निघताना तू घुश्शात होतीस. आई माझं ताट वाढून आणायची आणि तुला म्हणायची, "सुगंधा, ऊठ, पाणी दे कौसाला." तुला त्याचा राग आला, मी पाहिलं. मला मात्र त्या "ऊठ"चा हेवा वाटला गं. मला ती आता "बैस" म्हणते, पाहुणीला म्हणतात तसं.

असो. कामाचं सांगते. मी गेले होते घराघरात नळ हवा हे सिद्ध करायला, आणि हाती भलतंच लागलं. वस्तीत पहिल्या दिवशी तू सगळ्या बायांना माझी ओळख करून दिलीस आणि निघून गेलीस. त्यानंतर मी रोज कोंडाळ्यावर जाऊन बसले. बायांना विचारलं, घरात नळ आला आणि हे कोंडाळं बंद झालं तर चालेल का? झाडून सगळ्या म्हणाल्या, नको. "आमचा हाच नळ बरा. इथं आम्हाला लय गोड वाटतं." फुलाबाईनं तर नळावर हात ठेवून सांगितलं. मी थक्क झाले. आपण ज्याला कष्ट म्हणतो, ती त्यांची हक्काची जागा आहे. सासूच्या नजरेबाहेरची तेवढी एकच.

प्रबंधात मी लिहिलंय, "नळ ही बायांची चावडी आहे." गाईड म्हणाले, या एका वाक्यासाठी सगळा प्रबंध वाचावा.

तुला कसं वाटतं ते कळव.

कौसा


नाशिक, २ सप्टेंबर १९७७

कौसल्याबाई,

मला कसं वाटतं? ऐक. अंगाचा तिळपापड होतोय.

"नळ ही बायांची चावडी." हे वाक्य कुणाचं? मेमध्ये, रविवारी, मोरीशी बसून मी भांडी घासत होते आणि तू फडक्यानं पुसत होतीस. मी म्हणाले, "आपल्या बाप्यांना चावडी असते, बायांची चावडी म्हणजे नळ." तू हसलीस आणि कप पुसत राहिलीस. मला काय माहीत, कपाबरोबर वाक्यही पुसून नेतेयस! भांडी मी घासायची आणि चकाकणार तू. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

तुझ्यामागं वही धरून फिरायला मी काही तुझा शिपाई नव्हे, म्हणून ओळख करून दिली आणि बाजूला झाले. बरं केलं. नाहीतर माझी आणखी चार वाक्यं गेली असती.

आईंची तब्येत बरी आहे. तुझी आठवण रोज काढतात, त्यात माझा इलाज नाही.

सुगंधा


पुणे, ११ जानेवारी १९८०

प्रिय सुगंधा,
जयभीम.

मधल्या काळात तू तीन ओळींची पोस्टकार्डं पाठवलीस, तीही आईच्या सांगण्यावरून. तरी हे तुला मीच आधी सांगायला हवं. पदवी मिळाली. शिवाय गरीब वस्त्यांच्या घरबांधणीसाठी शासनानं एक समिती नेमली आहे, तिच्यावर मला घेतलंय. मुंबईला पहिली बैठक झाली. सचिवसाहेबांनी प्रबंध वाचला होता. "चावडी"चं वाक्य त्यांनी स्वतः म्हणून दाखवलं. सुगंधा, आपलं शास्त्र मंत्रालयात मोठ्यानं बोललं गेलं!

वाक्य तुझ्या तोंडून निघालं हे मी नाकारत नाही. पण म्हणणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. आभारात तुझं नाव आहे.

दादानं लिहिलं की तुझ्या धाकट्याच्या बारशाला बाभूळवाडीच्या बायांनी वर्गणी काढून तुला साडी नेसवली. मला पुण्यात सहा वर्षांत कुणी रुमाल दिला नाही.

तुझी,
कौसा


पोस्टकार्ड
नाशिक, २५ जानेवारी १९८०

अभिनंदन. आभार वाचले. टंकलेखकाच्या खाली माझं नाव आहे. साडी सुती होती.
सुगंधा


नाशिक, १८ जून १९८१

कौसा,

हे पत्र भांडायला लिहीत नाही. बसून वाच.

बाभूळवाडीची पक्की घरं निम्मी उभी राहिली. परवा ऑफिसात शासन निर्णय आला. उतरवून देते: "सार्वजनिक नळ हे महिलांचे चावडीसदृश सामाजिक केंद्र असल्याचे तज्ज्ञांच्या अभ्यासातून निदर्शनास आले आहे. सबब सामुदायिक जीवन अबाधित राहावे यास्तव घरनिहाय नळजोडणी न देता वीस घरांमागे एक सार्वजनिक नळ देण्यात यावा."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा काय वाटलं सांगू? लाज वाटते, पण आपलं वाक्य सरकारी कागदावर पाहून छाती फुगली. मग दुसऱ्या क्षणाला कळलं की माझ्याच वाक्यानं माझा प्रस्ताव खाल्लाय.

तो कागद घेऊन मी वस्तीत गेले. बायांना म्हणाले, तुम्हीच सांगितलंत ना घरात नळ नको म्हणून? फुलाबाईनं हातातला हंडा खाली ठेवला. म्हणाली, "ताई, आमी कवा म्हटलं?" मी तुझं नाव घेतलं. तर कपाळावर हात मारून घेतला तिनं.

तिनं सांगितलं ते तसंच लिहिते. "तुमी म्हटल्या, ही आमची नणंद हाय, तुमचं म्हणणं सरकारला कळवणार हाय. तिनं वही काढली. आदल्या साली माळावरच्या वस्तीत अशीच एक बाई वही घेऊन आली व्हती. नळाचं इचारून गेली, आन् आठ दिसात माणसं येऊन नळ तोडून गेली, बेकायदा हाय म्हणून. मंग तुमची नणंद इचारती, हा नळ बंद केला तर चालंल का? घरातला नळ कुनी पाहिलाय! हाय तो तर राहू दे. म्हणून म्हटलं, लय गोड हाय आमचा नळ. गोड बोलल्याबिगर सरकार सोडतं का?"

कळलं का? त्या कोंडाळं वाचवत होत्या. तू त्यांना आवडीनिवडी विचारत होतीस आणि त्या तुझ्यापुढं हात जोडत होत्या. मी तिथं असते तर एका क्षणात ओळखलं असतं. पण मी घुश्शात घरी बसले होते, आणि नंतर चार वर्षं आपण दोघी वाक्य कुणाचं यावर भांडत बसलो. ते खरं आहे का, हे कुणीच पाहिलं नाही.

गेल्या आठवड्यात फुलाबाईची सून बयाबाई भरला हंडा घेऊन चिखलात पडली. सातवा महिना होता. मूल राहिलं नाही.

नळाचे पाइप अजून टाकायचे आहेत. समितीला सांग की चूक झाली. तुझं ऐकतील.

सुगंधा


पुणे, २७ जून १९८१

सुगंधा,

बयाबाईचं वाचून रात्रभर डोळा लागला नाही. पण मलाही खरं बोलू दे.

पुढच्या महिन्यात विद्यापीठात रीडरच्या जागेसाठी माझी मुलाखत आहे. माझ्याकडे दाखवायला तो एक प्रबंध आहे आणि ही समिती. तू म्हणतेस, दोन्हीवर मी माझ्या हातानं काट मारू. आणि कुणाच्या सांगण्यावरून, तर फुलाबाई आता असं म्हणते म्हणून? तेव्हा तसं म्हणाली, आता असं म्हणते. शास्त्र असं चालत नाही.

मनात आलंय ते लिहिते, मग तू काहीही समज. तू या दिवसाची वाट पाहत होतीस. कौसा पडावी, म्हणजे आईसुद्धा म्हणेल की सून बरी. आणि वाक्य तुझं होतं ना? चार वर्षं "माझं, माझं" म्हणून नाचत होतीस. आता माझ्या पदरात कशी टाकतेस?

कौसल्या


नाशिक, २ जुलै १९८१

कौसा,

वाक्य माझं. घे, सहीनिशी लिहून देते. समितीपुढं खुशाल सांग, नाशिकची एक निरीक्षक आहे, तिनं भांडी घासता घासता अक्कल पाजळली आणि मी फसले. चूक माझ्या नावावर घाल. आभारात घातलंस त्याच्यापेक्षा ठळक घाल.

वाट पाहत होते का? हो, होते. कितीदा मनात आलं की तुझं एकदा तरी चुकावं आणि आईंच्या देखत चुकावं. पण असं नको होतं गं. मला तुझी फजितीच बघायची असती तर मी गप्प बसले असते. दोन वर्षांनी कुणी दुसऱ्यानं येऊन तुझा प्रबंध फाडला असता, आणि मी इथं भाकरी भाजत ऐकलं असतं.

तू म्हणतेस फुलाबाई तेव्हा तसं म्हणाली, आता असं म्हणते. मग ये आणि विचार. वही पुण्यात ठेवून ये.

आईंना यातलं काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

सुगंधा


पुणे, २२ नोव्हेंबर १९८१

प्रिय सुगंधा,

जुलैत मी आले होते. तुझ्या घरी आले नाही, थेट वस्तीत गेले आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परतले. तुला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. फुलाबाईच्या ओट्यावर बसले. या वेळी खुर्ची आणली नाही कुणी. बयाबाई आतून बाहेर आली नाही, तिचं नुसतं खोकणं ऐकू येत होतं. मला काही विचारावं लागलं नाही.

परवा मुंबईच्या बैठकीत मी उभी राहिले. म्हणाले, माझा निष्कर्ष चुकला. बाया घाबरून बोलल्या होत्या, मला ते कळलं नाही. घराघरात नळ द्यावा. तुझं नाव घेतलं नाही. चूक माझीच होती. तू भांडी घासताना बोललीस, मी ते छापलं. हे सगळं लेखीही दिलं.

सचिवसाहेब हसले. म्हणाले, "मॅडम, तुमचा पहिला अभ्यास फार चांगला होता." मग शेजारच्या अधिकाऱ्यानं हिशेब वाचला, घरोघर पाइप टाकले तर योजना किती महाग पडते याचा. माझं पत्र फाईलला लागलं आणि चहा आला. सुगंधा, त्यांना पाइप वाचवायचे होते, आणि मी त्यांना त्यासाठी छानसं वाक्य दिलं. शास्त्रानं सांगायचं आणि सरकारनं ऐकायचं म्हणायचो ना आपण? सरकार ऐकतं, पण त्याला परवडतं तेवढंच.

रीडरची जागा दुसऱ्याला मिळाली.

आता माझ्या हातात काही नाही. तुझ्या आहे. याच गोष्टीचा मला पहिल्यापासून हेवा वाटत आलाय. मला नुसतं सांगता येतं. तू तिथं जाऊन उभी राहू शकतेस.

तुझी,
कौसा


नाशिक, ९ जून १९८२

अहो डॉक्टरीणबाई,

नळ मंजूर झाले! घरोघर! आधी ही बातमी घे, मग बोलणी खा.

मार्चमध्ये घरांचा ताबा द्यायचा कार्यक्रम होता. मांडव, सनई, मंत्रिमहोदय. यादीत पहिलं नाव फुलाबाईचं. ती स्टेजवर चढली, डोक्यावर रिकामा हंडा. चावी पुढं केली तर घेईना. माइकवाला शेजारीच उभा, त्यामुळं सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "साहेब, कुलूप कशाला? पाणी नाय त्या घरात चोर तरी कशाला यील?" मागं बघते तर सगळ्या बाया हंडे घेऊन उभ्या. उन्हात दुपारपर्यंत बसल्या, पण एकीनं चावी घेतली नाही. मंत्र्यांच्या गळ्यातला हार वाळून गेला.

त्यांना हे कुणी शिकवलं, अशी चौकशी झाली. कुणी सांगितलं नाही, पण माझ्या साहेबांना सांगावं लागत नाही. मला मेमो मिळाला आणि पाठोपाठ सटाण्याला बदली. तुझा दादा कारखान्यातून निघू शकत नाही, मोठ्याची शाळा इथं. मी धाकट्याला घेऊन जाणार. आई म्हणाल्या, "मी बी येते तुझ्यासंगं. तुला एकटीला जेवायचं ध्यान राहत नाय." मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

आणि आता हे वाच. मंजुरीचा नवा शासन निर्णय: "डॉ. कौसल्या दोंदे यांच्या सुधारित अभ्यासातील निष्कर्ष विचारात घेऊन शासन घरनिहाय नळजोडणीस मंजुरी देत आहे." सरकारला तोंड लपवायला जागा हवी होती, त्यांनी फाईलीतून तुझं पत्र शोधून काढलं. उन्हात बाया बसल्या, मेमो मला आला आणि नाव झालं तुझं! अगं, तुझी चूकसुद्धा माझ्या मेहनतीपेक्षा जास्त गाजते. मी तुझं काय घोडं मारलंय?

जळणारी,
सुगंधा


पुणे, १८ जून १९८२

प्रिय सुगंधा,
जयभीम.

सुधारित अभ्यास मी केलाच नाही, तो तू केलास. त्यांना नाव हवं होतं, पदवीचं शेपूट असलेलं. वाचून मी हसले आणि मग फार वाईट वाटलं.

माझं एक ऐक. या सगळ्यावर आपण लेख लिहू, दोघींच्या नावानं. प्रश्न विचारणारा कोण दिसतो त्यावर उत्तर कसं बदलतं, आणि त्या उत्तराचं सरकार काय करतं. तुझं नाव आधी. बी.ए.ला होतं तसं.

आई तुझ्याबरोबर सटाण्याला निघाली हे वाचून मी इथं एकटी बसून जळतेय. फिटली परतफेड?

कौसा


सटाणा, २९ जानेवारी १९८४

प्रिय कौसा,
सप्रेम जयभीम.

लेखाला हो म्हणायला मला दीड वर्ष लागलं. म्हटलं, बघू दे थोडी वाट. हो. माझं नाव आधी.

इथं बरं चाललंय. सगळीकडं कांदाच कांदा, पदरालासुद्धा कांद्याचा वास. इथल्या बाया "आहे"ला "शे" म्हणतात, आणि आई आता त्यांच्याशी तसंच बोलतात. परवा एकीनं विचारलं, ही तुमची कोण? तर आई म्हणाल्या, "मन्ही पोर शे." माझी पोर आहे, असं माझ्या देखत म्हणाल्या. तुला मुद्दाम कळवते.

आता खरी गोष्ट. मागच्या आठवड्यात नाशिकला गेले होते, बाभूळवाडीत डोकावले. फुलाबाईनं आधी नळ सोडून दाखवला, मग चहा टाकला. बयाबाईच्या मांडीवर मुलगी आहे, सहा महिन्यांची. घरात पाण्यानं भरलेली पिंपं. मन असं निवलं म्हणून सांगू!

ऊन कललं तशी फुलाबाई उठली. भरलेला हंडा मोरीत ओतला, कमरेला लावला आणि निघाली. मी म्हणाले, "अहो, कुठं?" ती म्हणाली, "जरा कोंडाळ्यावर जाऊन येते. घरात बसून बसून तोंड आंबलं." मी मागोमाग गेले. जुनं कोंडाळं अजून आहे, काढायचं राहून गेलंय. तिथं बाया बसलेल्या. सगळ्यांचे हंडे कोरडे, आणि पाणी भरायची कुणालाच घाई नाही. सुनांची गाऱ्हाणी, सासवांची उणीदुणी, हसून हसून पुरेवाट. मला बघून सरकल्या, जागा केली.

म्हणजे ते वाक्य खरं होतं गं, कौसा. घाबरून का होईना, त्या खोटं बोलल्या नव्हत्या. बाईला घरात पाणीही हवं आणि घराबाहेर पडायला निमित्तही हवं. तुला अर्धं सापडलं होतं, मला अर्धं, आणि सरकारनं त्यातलं स्वस्त अर्धं उचललं.

हे मी शोधलंय. एकटीनं, वही न काढता. तू तिथं नव्हतीस. आता जळ तू.

आणि हे लेखात घालायचं नाही. आभारात नाही, तळटीपेत नाही, कुठंच नाही. माझी शपथ आहे तुला. तुझ्या सचिवसाहेबांच्या कानावर हे गेलं ना, तर दुसऱ्या दिवशी पाइप उखडायला माणसं येतील.

तुझी वहिनी,
सुगंधा